दसऱ्याचा हार आणि तेलाचा थेंब

खंडेनवमीला घरातल्या शिलाई मशीनचा थाट असतो. धूळ पुसली जाते, चाकाला झेंडूची माळ चढते, काळ्याभोर मानेवर हळदकुंकवाची बोटं उमटतात. दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झालं की मशीनवर पुन्हा क्रोशाचं झाकण पडतं आणि त्याचं टेबल होतं. वर इस्त्रीला द्यायचे कपडे, औषधांचा डबा, मोबाइलचा चार्जर. पूजा एकाही वर्षी चुकलेली नसते; तेल कधी घातलं होतं, हे मात्र कुणालाच आठवत नाही. मग एखाद्या रविवारी उशीचा अभ्रा उसवला म्हणून कुणीतरी पायडलवर पाय ठेवतं. चाक जागचं हलत नाही. घरात निकाल लागतो: ‘गेलं हे. देऊन टाका भंगारात.’

निकाल देणाऱ्यांनी मशीन उघडून पाहिलेलं नसतं. जुन्या काळ्या मशीनमध्ये जळण्याजोगं सर्किट नाही, तडकण्याजोगं प्लास्टिक नाही. बिडाचं अंग, पोलादी दांडे आणि एकमेकांना ढकलत फिरणारे मोजके भाग. ते अडतं बहुतेकदा तीन कारणांनी: आटलेलं तेल, साचलेलं तूस आणि गंज. पहिल्या दोन गोष्टी घरच्या घरी पूर्ण निघतात, तिसरीही बरीचशी निघते.

आटलेलं तेल हा तर आपल्या स्वयंपाकघराचाच प्रताप. मशीनचं तेल संपलं म्हणून कधी तरी खोबरेल घातलं जातं, कधी शेंगदाण्याचं, कधी करडईचं. खोबरेल थंडीत थिजतं. करडईचं तेल हवेत सुकून पापुद्रा धरतं. या गुणामुळेच ते रंगांच्या धंद्यात वापरतात. मशीनच्या सांध्यात गेलेलं असं तेल काही वर्षांत पिवळट राळ होऊन बसतं आणि दांडा जणू डिंकानं चिकटवल्यासारखा होतो. घरच्यांना वाटतं मशीन गंजलं. प्रत्यक्षात ते चिकटलेलं असतं.

हे मशीन इतकं सोशिक का, याचं उत्तर त्याच्या इतिहासात आहे. आयझॅक सिंगरनं अमेरिकेत १८५१ मध्ये आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि त्याच्या कंपनीनं ते हप्त्यांवर विकायला सुरुवात केली. शिंप्याच्या दुकानातली वस्तू त्यामुळे घरात आली. हिंदुस्थानात सिंगरचा पसारा उभा करण्यात नसरवानजी पटेल या पारशी गृहस्थांचा मोठा वाटा होता. यंत्रांविषयी कठोर बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आलेल्या एका संवादात अपवाद केला तो शिलाई मशीनचाच, बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनं ते घडवलं, अशी त्यांची समजूत होती. पुढे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्समधून ‘उषा’ मशीन निघू लागलं आणि लाला श्रीराम यांच्या हाताखाली ते देशभर पोचलं. लुधियानात सुट्या भागांचे कारखाने वाढले.

या सगळ्यांनी एक शहाणपणा केला. सिंगरच्या एकोणिसाव्या शतकातल्या ‘क्लास १५’ या घडणीचा साचा त्यांनी फारसा बदलला नाही. म्हणून आजीच्या काळ्या मशीनला लागणारं गोल बॉबिन आणि १६ नंबरची सुई आजही तालुक्याच्या गावी शिवणसामानाच्या दुकानात मिळते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैत ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळ सुरू केलं. मोबाइल आणि घरगुती उपकरणांच्या कंपन्यांनी सुटे भाग आणि माहिती ग्राहकाला द्यावी, हा त्यामागचा आग्रह. जो हक्क आता कंपन्यांकडे मागावा लागतो, तो या मशीनच्या मालकिणीला कुणी कागदावर न लिहिताच मिळालेला आहे. तो वापरायचा सोडून मशीन वजनावर विकायचं, हे पटण्यासारखं नाही.

वापरायचा म्हणजे काय करायचं? हाताशी हवं ते थोडंच: खाचेत नीट बसेल असा रुंद तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, जुना टूथब्रश, दात कोरायच्या काड्या, सुती चिंध्या, थोडं रॉकेल आणि मशीनचं पाण्यासारखं स्वच्छ तेल. स्क्रूड्रायव्हर बारीक असेल तर तो घसरतो आणि स्क्रूची खाच झिजते. एकदा झिजली की तो स्क्रू काढणं कारागिरालाही जड जातं. काढलेले स्क्रू मसाल्याच्या रिकाम्या डब्यातल्या वाट्यांत क्रमानं ठेवावेत आणि प्रत्येक भाग सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा.

सुरुवात सुईखालच्या चकचकीत पट्टीपासून करावी. तिचे दोन स्क्रू काढले की कापड पुढे सरकवणारे दाते उघडे पडतात, आणि बहुतेक घरांत इथेच पहिला धक्का बसतो. दात्यांच्या फटींत तूस ठासून भरलेलं असतं, तेल पिऊन घोंगडीसारखं घट्ट झालेलं. काडीनं उचकटलं तर त्याची अख्खी पट्टी निघते. तिच्यात थर दिसतात: परकराचा लाल, गणवेशाचा खाकी, दुपट्याचा पांढरा. कापड नीट सरकत नाही म्हणून वर्षानुवर्षं ज्या मशीनवर राग काढला, त्याचं दुखणं एवढंच होतं. तिथून हात खाली शटलकडे न्यावा. सुई वर घेऊन बॉबिन केस काढली आणि पुढची कडी सोडवली की चंद्रकोरीसारखा पोलादी आकडा हातात येतो. त्याच्यामागे अडकलेला दोऱ्याचा एक इंचभर तुकडासुद्धा सगळं मशीन अडवून धरू शकतो.

मग चिकटलेले सांधे. मशीन मागे कलंडवून तेलाच्या प्रत्येक भोकात आणि जिथे धातूवर धातू फिरतो तिथे रॉकेलचे थेंब सोडायचे आणि तासभर वाट पाहायची. खिडक्या उघड्या, गॅस बंद, जवळपास निरांजनही नको. नंतर चाक हळूहळू पुढेमागे डोलवायचं, ताकद लावायची नाही. आधी केसभर हलतं, मग बोटभर. खालून तपकिरी ओघळ येऊ लागले की समजावं, राळ सुटतेय. ओघळ पुसायचे, पुन्हा थेंब. दोन-तीन दिवस गेले तरी हरकत नाही. रॉकेल फक्त धुतं, वंगण म्हणून उपयोगाचं नाही, म्हणून शेवटी प्रत्येक ठिकाणी मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पडलाच पाहिजे. गंज सोडवायचे जे स्प्रे बाजारात मिळतात, त्यांनाही हाच नियम.

इतकं झाल्यावर बहुतेकांचा हात चमकवण्याकडे वळतो आणि नुकसान इथेच होतं. जुन्या परदेशी मशीनचा काळा मुलामा आणि त्यावरची सोनेरी वेलबुट्टी लाखेच्या पातळ थराखाली असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर किंवा काच पुसायचा फवारा फिरवला की काळा रंग पांढुरका पडतो आणि सोनेरी नक्षी चंदेरी होते. तो रंग परत येत नाही. मऊ चिंधीला मशीनचंच तेल लावून पुसलं तरी पन्नास वर्षांचा मळ निघतो. वेळ लागतो, पण नक्षी राहते.

खरं तर ती झिजलेली नक्षी पुसायची वस्तूच नाही. पुढच्या कडेला, जिथे शिवणाऱ्या बाईचा उजवा हात टेकायचा, तिथे सोनं उडून काळा रंगही घासलेला असतो. दुकानात घासून, नवा रंग फवारून, नवे स्टिकर डकवलेलं मशीन उठून दिसतं. त्यात ती बाई दिसत नाही. शिवाय फवारलेला रंग तेलाच्या भोकांत जातो आणि काढलेल्या राळेच्या जागी नवा अडथळा बसतो. जुन्या सिंगरचा मूळ क्रमांकही जपायला हवा. त्यातलं अक्षर कारखाना सांगतं: वाय किंवा ई असलेली बरीचशी मशीनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर तो कारखाना वर्षाला दहा लाखांहून अधिक मशीनं बनवत होता. १९८० मध्ये बंद झाला. तिथल्या रेल्वे स्थानकाचं नाव मात्र आजही ‘सिंगर’ आहे.

याहून मोठं नुकसान टेबलांनी केलं आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली, मुंबईत चोर बाजार फिरलं, तर बिडाचे नक्षीदार पाय वेगळे आणि काळी डोकी वेगळी पडलेली दिसतात. पायांना गिऱ्हाईक आहे. त्यावर संगमरवर टाकला की कॅफेचं टेबल होतं, बेसिन बसवलं की बंगल्याची शोभा. डोकं जातं वितळायला. ‘नाही तर सगळंच भंगारात गेलं असतं,’ असं यावर सांगितलं जातं. गंजून सांगाडा उरला असेल तर ते मान्य. पण चालू होऊ शकणाऱ्या मशीनचे पाय काढणं म्हणजे पेटीचा भाता काढून तिचं कपाट करणं.

प्रत्येक जुनं मशीन घराघरात परत यावं, असा मात्र हट्ट नको. हे मशीन सरळ टाका घालतं, बस्स. पिकोला आणि काजाला दुसरं मशीन लागतं. रोज डझनानं ब्लाउज शिवून घर चालवणारीला मोटारीचा वेगच हवा. काही कामं कारागिराचीच आहेत: शटलचं टोक मोडलेलं असणं, सुई आणि शटलचा मेळ चुकलेला असणं. तिथे घरचा स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवावा. पण गोधडी, बाजाराच्या पिशव्या, पडदे, उसवलेले अभ्रे यांच्यासाठी वीज न लागणारं, एका बाजूला निमूट उभं राहणारं मशीन आजही पुरेसं आहे.

ही गोष्ट हौसेपुरतीही नाही. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागांकडून अनुदानावर शिलाई मशीनं दिली जातात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतही आहे. वाटपाच्या फोटोत मशीन असतं, पाहुणे असतात. त्यासोबत एक स्क्रूड्रायव्हर, तेलाची बाटली आणि मशीन उघडून पुन्हा जुळवायला शिकवणारा एक अख्खा दिवस ठेवला, तर दिलेलं मशीन कोपऱ्यात जाणार नाही. शिवण क्लासांनीही कटोरीच्या कटिंगआधी शटल काढायला शिकवावं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणला घराघरात पाणी शिरलं, तेव्हा हे ज्ञान किती कामाचं ठरलं असतं! पुरातून निघालेलं बिडाचं मशीन वाचतं, फक्त गाळ वाळण्याआधी तो स्वच्छ पाण्यानं धुऊन, मशीन कोरडं करून, लगेच रॉकेल आणि तेल द्यावं लागतं. आठवडाभर पंचनाम्याची वाट पाहिली की गंज आत शिरतो.

शेवटी चाचणी. चामडी पट्टा सैल असेल तर थोडा कापून पुन्हा तारेनं जोडावा. नवी सुई लावताना तिची लांब खाच ज्या बाजूनं दोरा येतो त्या बाजूला ठेवावी. चाक नेहमी आपल्याकडेच फिरवावं, उलटं फिरलं की खाली गुंता ठरलेला. जुन्या सुती साडीचा तुकडा दुहेरी करून सुईखाली धरावा आणि तो उलटून खालची बाजू पाहावी. तिथे दोऱ्याचे फासे दिसले तर शटलला दोष न देता आधी वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलाय का ते तपासावं. पहिल्या चार-पाच इंचांवर काळसर तेलाचे ठिपके उमटतात. पुढे ते फिके होत जातात, आणि वीतभर अंतरावर टाका कोरडा, पांढरा पडतो. अभ्रा अजून तसाच उसवलेला असतो. तो आता घ्यायचा.