नाक धरून जिंकलेली स्पर्धा

यंदाच्या फेटमध्ये आमच्या हाऊसने कोणता स्टॉल लावायचा, यावर गेल्या महिन्यात कॉमन रूममध्ये मतदान झालं. सगळ्यांना आवडलेली कल्पना होती 'खतरा काउंटर'. वीस रुपयांचं कूपन घ्यायचं, डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि वाटीत जे येईल ते गिळायचं. कच्चं अंडं, कारल्याच्या रसात कालवलेलं लोणचं, दुधात भिजवलेली मिरची असं काहीही. न ओकता संपवलं तर चॉकलेट. "विरोधात कोण?" असं विचारल्यावर दोन हात वर झाले. त्यातला एक माझा होता. दुसऱ्या हाताबद्दल पुढे सांगतो.

त्या रात्री डॉर्मिटरीत मला "डरपोक" ही पदवी मिळाली. तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला बोलण्यापेक्षा लिहिणं जमतं, म्हणून ते उत्तर या पानावर देतो आहे.

ही कल्पना कुठून आली ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत 2000 साली 'सर्व्हायव्हर' सुरू झालं आणि त्याच्या दुसऱ्याच भागात स्पर्धकांना जिवंत अळ्या खायला लावल्या. पुढच्या वर्षी 'फिअर फॅक्टर' आलं. त्यात साधारणपणे तीन टास्क असत आणि मधला टास्क बहुतेक वेळा किळसवाणं काहीतरी खाण्याचा किंवा अंगावर घेण्याचा. बक्षीस 50,000 डॉलर. आपल्याकडे 2008 मध्ये त्याच धर्तीवर 'खतरों के खिलाडी' आलं. ब्रिटनमध्ये 2002 पासून 'आय अ‍ॅम अ सेलिब्रिटी' चालू आहे. तिथे प्रसिद्ध माणसं जंगलात राहतात आणि किडे खाऊन जेवणाचे स्टार कमावतात. सुट्टीत घरी मीही हे कार्यक्रम बघतो. उंचावरून उडी मारण्याचे, पाण्याखाली कुलूप उघडण्याचे टास्क मला आजही आवडतात. माझं भांडण फक्त खाण्याच्या टास्कशी आहे.

पहिला मुद्दा धैर्याचा. उंचावरून उडी मारताना खरोखर पडण्याची भीती असते. किळस ही वेगळी गोष्ट आहे. सडलेल्या, रोग पसरवणाऱ्या वस्तूंपासून शरीराने आपल्याला दूर ठेवावं, हे तिचं मूळ काम. पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. पूर्ण निर्जंतुक केलेलं मेलेलं झुरळ फळांच्या रसात बुडवून काढलं आणि तो रस लोकांना दिला. रसात काहीही धोका नव्हता, तरी लोकांना तो नकोसा झाला. म्हणजे किळस आणि धोका या दोन गोष्टी बरोबर असतीलच असं नाही. टीव्हीवर जो अळी गिळतो तो बहुधा कोणताही धोका पत्करत नाही. तो फक्त ओकारी दाबून धरतो. याला चिकाटी म्हणा हवं तर. शौर्य म्हणू नका.

आणि जिथे धोका असतो, तिथे तो कोणी मोजलेला नसतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका दुकानाने झुरळं खाण्याची स्पर्धा ठेवली होती. बक्षीस होतं एक अजगर. जो माणूस जिंकला तो थोड्याच वेळात कोसळला आणि मेला. झुरळांचे तुकडे श्वासमार्गात अडकून तो गुदमरला होता. आमच्या काउंटरवर डोळे बांधून घाईघाईने गिळणारा सहावीतला कॅडेट असणार आहे. त्याच्यामागे उभं राहून आपण "कम ऑन, कम ऑन" ओरडणार आहोत. त्याला ठसका लागला तर काय करायचं, हे त्या बैठकीत कोणीही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

मित्र म्हणतात, "अरे, आपण उद्याचे सैनिक. फौजेत वेळ आली तर साप खावा लागतो." खरं आहे. पण "वेळ आली तर" हे तीन शब्द त्यात सर्वांत महत्त्वाचे आहेत. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली. त्यात 103री, 110वी आणि 117वी या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 असा 147 दिवसांचा तो वेढा. धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. अनेक हिंदी सैनिकांनी ते मांस नाकारलं. धर्मात बसत नव्हतं, आणि गावी परतल्यावर लोक काय म्हणतील याचीही काळजी होती. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप आणवले, तरी पुष्कळ जण तयार झाले नाहीत. शेवटच्या आठवड्यांत, उपासाने अंगात त्राण उरलं नाही तेव्हा, बरेच जण ते खाऊ लागले.

ही हकिकत वाचल्यापासून मी स्वतःला विचारतो आहे, यातले शूर कोण? ज्यांनी खाल्लं ते, की ज्यांनी नाकारलं ते? मला वाटतं, दोघेही. ज्याने खाल्लं त्याने मोर्चा धरून ठेवण्यासाठी खाल्लं. ज्याने नाकारलं त्याने आपल्या शब्दासाठी भूक सोसली. तिथे टाळ्या वाजवणारं कोणी नव्हतं. त्या जवानांच्या नावाने आपण कारल्याच्या रसाचा टास्क खेळणार असू, तर निदान त्यांचं नाव तरी मध्ये आणू नये.

आता दुसऱ्या हाताबद्दल. तो हात माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मित्राचा. तो ओडिशातल्या मयूरभंजचा आहे. पुढचं सगळं मी त्याला दाखवून, त्याच्या परवानगीनेच लिहितो आहे.

मागच्या वर्षी सुट्टीवरून येताना त्याने एक बाटली आणली होती. काई चटणी, म्हणजे लाल मुंग्यांची चटणी. शनिवारी रात्री त्याने ती उघडली आणि कोणीतरी ओरडलं, "टास्क! टास्क!" पाच मिनिटांत दोन खाटांमध्ये स्टुडिओ तयार झाला. एकाने कंगव्याचा माइक केला. चमचाभर चटणी खाऊन दाखवणाऱ्याला दहा पॉइंट. दोघांनी तोंडात घालून बेसिनकडे धाव घेतली. मी नाक धरलं, डोळे मिटले आणि दोन चमचे गिळले. मी जिंकलो. मला खांद्यावर घेऊन डॉर्मिटरीभर फिरवलं. मित्रही सुरुवातीला हसत होता. मी खांद्यावरून खाली उतरलो तेव्हा तो बाटलीचं झाकण लावत होता. ती त्याने ट्रंकेत ठेवली आणि टर्म संपेपर्यंत पुन्हा काढली नाही. बाटली त्याच्या आजीने भरून दिली होती, हे मला फार उशिरा कळलं.

जानेवारी 2024 मध्ये सिमिलीपाल काई चटणीला जीआय टॅग मिळाला. नागपूरच्या संत्र्याला आणि रत्नागिरीच्या हापूसला आहे तोच मान. बस्तरमध्येही लाल मुंग्यांची चटणी करतात, तिला चापडा म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने 2013 च्या अहवालात म्हटलं होतं, की जगातल्या किमान दोन अब्ज लोकांच्या पारंपरिक आहारात किडे आहेत. म्हणजे टीव्हीवर ज्या ताटाला बघून लोक किंचाळतात, ते कोणाचं तरी रोजचं ताट असतं.

आणि मला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. मी रत्नागिरीचा. सहावीत पहिल्यांदा इथे आलो तेव्हा आईने जवळ्याची सुकी चटणी दिली होती. डबा उघडला आणि पलीकडून आवाज आला, "उंदीर मेला काय रे?" सगळे हसले. मी पण हसलो. रात्री तो डबा मेसच्या मागच्या पिंपात रिकामा केला आणि आईला पत्रात लिहिलं, "चटणी सगळ्यांना आवडली, लगेच संपली." तेव्हापासून तिने प्रत्येक टर्मला विचारलं, "देऊ का?" आणि मी दर वेळी ट्रंकेत जागा नाही असं सांगितलं. इतकं सगळं स्वतःवर होऊन गेल्यावरही चार वर्षांनी मी दुसऱ्याच्या बाटलीपुढे नाक धरलंच. टोळक्यात उभं राहिलं की माणूस किती लवकर विसरतो.

म्हणून माझी हाऊसला आणि हाऊस मास्टर सरांना विनंती आहे. 'खतरा काउंटर' रद्द करावा. मी नुसतं नको म्हणून थांबत नाही, बदली स्टॉलही सुचवतो. आपल्या हाऊसमध्ये अकरा राज्यांतले कॅडेट आहेत. प्रत्येकाने घरून एक बाटली किंवा डबा आणायचा. वर चिठ्ठी लावायची: नाव काय, कोणी केलं, कशाशी खातात, आत काय आहे. मांसाहारी आणि शाकाहारी टेबलं वेगळी ठेवायची. कूपन तेच, वीस रुपयांचं. नियम एकच. आवडलं नाही किंवा चालत नाही, तर "नको, थँक यू" म्हणायचं. नाक धरायचं नाही. नाही म्हणणाऱ्याला कोणी डरपोक म्हणायचं नाही.

पालकांनाही एक विनंती. ट्रंकेत जागा नाही असं आम्ही सांगितलं, तर दर वेळी विश्वास ठेवू नका.

मित्राने हा लेख वाचला आणि एकच दुरुस्ती सांगितली. चटणीची चव मी कुठेच लिहिली नव्हती. खरं म्हणजे मला ती माहीतच नव्हती, कारण मी नाक धरून गिळली होती. ती लिंबासारखी आंबट असते, लसूण आणि मिरची मागून येते, असं त्याने सांगितलं. या वेळी तो बाटली आणणार आहे. मी आईला जवळ्याच्या चटणीसाठी पत्र टाकलं आहे. पहिल्या चटणीचं खरं काय झालं, तेही त्याच पत्रात लिहिलं आहे.