साधन मिळाले, स्वावलंबनाचे काय?

केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेने गरीब वृद्धांना काठी, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची विनामूल्य देऊ केली. राज्य शासनाने २०२४ साली अशा साधनांसाठी पासष्टीपुढील गरजूंना एकदाच ३,००० रुपये देण्याचे ठरविले. हेतू स्तुत्यच, परंतु साधन हाती आले म्हणजे स्वावलंबन आले, असे नव्हे. पालघरनजीकच्या माहीमसारख्या किनारी गावात खुर्चीची चाके वाळूत रुततात, उंबरठ्याशी अडतात. श्रवणयंत्राचे सेल संपले की ते पेटीत पडते. साधने घडतात कानपूरच्या ‘अलिम्को’त, त्यांची दुरुस्ती तरी तालुक्याच्या गावी व्हावयास हवी. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सुगम्यतेचा आग्रह धरतो. वाटपाच्या समारंभाइतकीच आस्था दुरुस्तीविषयी आणि उताराच्या वाटेविषयी दाखविली, तरच त्या आग्रहाला अर्थ येईल.