पोरांची नोंद आधी, प्रायोजक मागाहून

फुटबॉल संघांच्या नोंदणीची खिडकी बंद झाली आणि आमच्या टेबलावर पत्रांचा ढीग साचला. डिचोली नि पेडण्यातल्या क्लब-सचिवांच्या तक्रारींचा मथळा एकच. एका कार्यालयात मैदानाच्या परवानगीचे पत्र मागतात, ते असल्याशिवाय संघाची फाईल पुढे सरकत नाही. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे ते म्हणतात, आधी संघाच्या मान्यतेचे पत्र दाखवा. पाळीच्या बाजूच्या एका सचिवाने या दोन टेबलांमध्ये महिना घालवला. शेवटी त्याला उत्तर मिळाले ते असे: साहेब रजेवर आहेत. तोवर मुदत संपली होती. हे दोन कागद एकाच दिवशी एकाच माणसाने तपासले तर कुणाचे काय बिघडते?

साहेबांना एवढेच सांगतो, की मैदाने गोलपोस्ट रंगवून फोटो काढण्यासाठी नसतात. पण आजचे मुख्य बोलणे आपल्याच माणसांशी, गावच्या क्लबवाल्यांशी आहे.

‘डेंपो’ची गोष्ट आपल्यापैकी अर्ध्यांना तोंडपाठ आहे, तरी तिचा उपयोग कुणी करत नाही. 1961 मध्ये डिचोलीच्या नावाने सुरू झालेला हा क्लब. पुढे डेंपो घराण्याच्या नावाचा झाला, दोनदा राष्ट्रीय लीग आणि तीनदा आय-लीग जिंकला. मग 2012 मध्ये खाणी थांबल्या, खाणपट्ट्यातला पैसा आटला. 2015 मध्ये क्लब खालच्या श्रेणीत गेला, पुढच्याच वर्षी ती श्रेणी जिंकला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आखलेल्या नव्या स्पर्धा-रचनेच्या निषेधार्थ ‘साळगांवकर’ नि ‘स्पोर्टिंग’ या गोव्याच्याच क्लबांसोबत राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडला. निषेध योग्यच होता. मात्र निषेधाने संघ उभा राहत नाही. तो उभा राहिला गोव्यातल्या पोरांवर आणि समीर नाईकसारख्या, स्वतः त्याच जर्सीत मोठ्या झालेल्या प्रशिक्षकावर. 2024 मध्ये आय-लीगमध्ये परतायला आठ वर्षे लागली. ज्यांना एका मोसमात क्लब उभा करायचा आहे त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. आणि वरचे छत पक्के असते असेही नाही: 11 जुलै 2025 रोजी आयोजकांनी देशातली सर्वोच्च स्पर्धा, इंडियन सुपर लीग (आयएसएल)च रोखून धरली, कारण महासंघाशी असलेला त्यांचा करार डिसेंबरात संपणार होता.

मग गावच्या क्लबने काय करायचे? बारा वर्षांच्या पोराची नोंद करायची.

हसू नका. फिफाच्या नियमानुसार करार सुरू असताना खेळाडू परदेशी क्लबकडे गेला तर ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या वर्षापासून तेविसाव्यापर्यंत घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. बारा ते पंधरा या चार वर्षांना मिळून एक टक्का येतो. एक कोटीच्या व्यवहारात तो एक लाख. गावच्या क्लबचे वर्षभराचे चेंडू, बूट, रेफ्रीचे मानधन त्यातून निघते. पोराने पहिला व्यावसायिक करार केला की प्रशिक्षण भरपाईचा हक्क उभा राहतो तो वेगळाच. आता प्रत्यक्षात काय होते ते पाहा. मुलगा आपल्या मैदानावर अनवाणी शिकतो, सतराव्या वर्षी मोठी अकादमी त्याला उचलते, आणि सीआरएस या महासंघाच्या नोंदणी यंत्रणेतल्या त्याच्या खेळाडू-पासपोर्टात पहिली नोंद त्या अकादमीची असते. आपले नाव कुठेच नाही. मग सचिव आम्हाला लिहितात, “आमच्या पोराचे पैसे त्यांनी लाटले.” अहो, पोर तुमचे होते हे कागदावर दिसते कुठे? पावसाळ्यातल्या गावस्पर्धेच्या बक्षिसासाठी वर्गणी काढता, बाहेरून दोन परदेशी खेळाडू आणता, त्यांच्या गाडीभाड्याला पैसे निघतात. पोरांच्या जन्मदाखल्याच्या प्रती काढायला मात्र कुणाला वेळ नाही.

खाणीच्या जोरावर क्लब चालवायचे दिवस परत येतील अशी आशा अजून काहीजण धरून आहेत. 2022 अखेरीस खाणींचा लिलाव झाला, डिचोलीचा पहिला गट वेदांता कंपनीला मिळाला, ट्रक पुन्हा दिसू लागले. पूर्वी साखळीच्या भरून काढलेल्या खाणीच्या जागेवर खाणकंपनीच्या अकादमीची पोरे सराव करत, हेही खरे. पण ती कंपनीची अकादमी होती, आपल्या गावच्या क्लबची नव्हे. कंपनीने मदत केली तर घ्यावी. पण तिच्या दारात उभे राहून मोसम घालवू नये.

तेव्हा पाळी, वेळगे, सुर्ल, कुडणे, तिकडे पेडण्यातले सगळे, चतुर्थीच्या आधी एका संध्याकाळी एकत्र बसा. प्रत्येक क्लबने बारा ते पंधरा वयाच्या पोरांची यादी, आधार, जन्मदाखला आणि पालकांची सही घेऊन यावे. संगणक चालवणारा एखादा कॉलेजचा मुलगा सगळ्या गावांनी मिळून मानधनावर ठेवावा. मैदानाच्या पत्राचा अर्ज सर्वांनी एकत्रच द्यावा, पोच घ्यावी आणि तिची प्रत आमच्याकडे पाठवावी. पोच मिळून पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या अंकात त्या अर्जाची तारीख आम्ही छापू, कुठल्या टेबलावर अडकला तेही.