दहाव्या वचनाआधी थांबणाऱ्यांना

‘विश्वास ठेवला, तारण झालं; आता कर्माचा हिशेब कसला?’ हे वाक्य काही ख्रिस्ती भाविक समाधानाने म्हणतात आणि ख्रिस्ती धर्माचे टीकाकार टोमणा म्हणून. आधार दोघांचाही एकच, इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं आणि नववं वचन. तारण कृपेने होतं, कर्माने नव्हे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. ते नाकारायचं कारण नाही. पण दोन्ही पक्ष नेमके दहाव्या वचनाआधी थांबतात. आपल्याला घडवलं ते सत्कर्मांसाठीच, असं पौल तिथे श्वास न घेता सांगून जातो.

मग धर्मसुधारक ल्यूथरला साक्षीला बोलावतात. कर्माशिवायचा विश्वास मेलेला आहे असं बजावणाऱ्या याकोबाच्या पत्राला त्याने 1522 मध्ये गवताचं ठरवलं, हे खरंच आहे. पापक्षमेची पत्रं विकणाऱ्यांशी तो झगडत होता. कर्म म्हटलं की त्याला गल्ला दिसायचा. पण त्याच वर्षी रोमकरांस पत्राच्या प्रस्तावनेत त्यानेच लिहिलं, की खरा विश्वास इतका जिवंत आणि खटपट्या असतो, की भलं केल्यावाचून त्याला राहवतच नाही. साक्षीदार उलटला म्हणायचा!

क्रम कसा असतो ते जक्कयाच्या गोष्टीत पाहावं. येशू आधी त्याच्या घरी जातो. तिथे कसलीही अट नाही. मग हा जकातदार उठून निम्मी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट देण्याचं कबूल करतो. तारण या घरी आलं, हे शब्द त्यानंतरचे. कृपा हिशेबाच्या आधी येते, पण हिशेब टाळून पुढे जात नाही.

सिंगापूरमध्ये हा वाद पोथीपुरता राहिलेला नाही. सिटी हार्वेस्ट या बड्या चर्चच्या संस्थापक पाळकांसह सहा जण 2015 मध्ये दोषी ठरले. चर्चचे सुमारे 5 कोटी सिंगापूर डॉलर त्यांनी वळवले होते. निम्मे पाळकांच्या पत्नीच्या पॉप गायनासाठी बनावट रोख्यांत, उरलेले ते झाकण्यात. हेतू सुवार्ताप्रसाराचा होता, असं सांगितलं गेलं. 2017 मध्ये अपिलात शिक्षा कमी झाल्या, दोष कायम राहिला. जक्कयाची गोष्ट त्या चर्चमध्ये कोणी वाचलीच नसेल, असं मला वाटत नाही.

त्याच शहरातलं दुसरं उदाहरण जपानी अंमलातलं. ऑर्चर्ड रोडवरच्या वायएमसीएच्या, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या इमारतीची केम्पेताई या जपानी लष्करी पोलिसांनी छळछावणी केली. बंदरातली जपानी जहाजं बुडवल्याचा संशय चांगी तुरुंगातल्या कैद्यांवर आला आणि 10 ऑक्टोबर 1943 पासून धरपकड सुरू झाली. 57 जण पकडले, 15 मेले. पकडलेल्यांत अँग्लिकन बिशप लिओनार्ड विल्सन होते; ते वाचले. फटके खाताना मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणं त्यांना जमेना. मग हे चेहरे कधीकाळी लहान मुलांचे होते, असं मनाशी आणून त्यांनी ती मागितली. युद्धानंतर त्या छळणाऱ्यांपैकीच एकाचं दृढीकरण, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, त्यांच्या हातून झालं. क्षमा ही मनातल्या मनात उरकायची बाब आहे, असं यानंतरही कोणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: असे वीर लाखात एक, सामान्यांनी काय करायचं? त्याच काळातल्या, त्याच शहरातल्या एलिझाबेथ चॉय सामान्यच होत्या. शिक्षिका, पतीसह इस्पितळात कॅन्टीन चालवायच्या. गल्ल्यामागून अन्न, औषधं, पैसे, चिठ्ठ्या, रेडिओचे भाग चांगीच्या कैद्यांपर्यंत पोहोचवायच्या. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटचा न्याय होतो तेव्हा विचारपूस याच गोष्टींची होते: भुकेल्याला दिलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का. कोणाला धर्ममताचा एकही प्रश्न नाही.

चॉयबाईंना केम्पेताईने पकडून विजेचे झटके दिले, तेही पतीच्या डोळ्यांदेखत. सुमारे दोनशे दिवस त्या कोठडीत होत्या. युद्ध संपल्यावर छळणाऱ्यांना फाशी द्यायची म्हणून नावं विचारली, ती त्यांनी दिली नाहीत; दोष युद्धाचा, असं त्यांचं म्हणणं होतं. 1956 मध्ये सिंगापुरात अंधांची शाळा निघाली, तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका त्याच झाल्या.