एक प्रतिमा हवी आहे

आपल्या शाळेच्या सभागृहात तथागत, महात्मा जोतीराव फुले, सावित्रीमाई आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा आहेत. त्यांच्या शेजारी सिंथिया फरार यांचीही प्रतिमा असावी, असे आम्हा माजी विद्यार्थ्यांना वाटते.

1795 साली अमेरिकेत जन्मलेल्या फरारबाई 1827 मध्ये मिशनरी शिक्षिका म्हणून मुंबईस आल्या. त्या अविवाहित होत्या. मुलीने अक्षर गिरविणे म्हणजे अनर्थ, असे मानणाऱ्या समाजात त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या; 1839 पासून त्यांचे कार्य अहमदनगरला झाले. तेथील शाळा जोतीरावांनी मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यासह पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे शिक्षण फरारबाईंच्याच संस्थेत घेतले. 1862 मध्ये बाईंनी अहमदनगरलाच देह ठेवला.

"ती तर धर्मप्रसारासाठी आली होती, बौद्धांच्या शाळेत तिची प्रतिमा कशाला?" असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. त्यांचा हेतू आम्ही झाकत नाही. परंतु जोतीरावांनी मिशनऱ्यांकडून शाळा घेतली, धर्म घेतला नाही. त्याच जोतीरावांना बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासह गुरू मानले. उपकार ओळखणे आणि ते न विसरणे ही तथागतांचीच शिकवण आहे. कृतज्ञतेसाठी धर्मांतर करावे लागत नाही.

मात्र भिंतीवर प्रतिमा लावल्याने ऋण फिटत नाही. भोरहून नीरा ओलांडली की खंडाळा तालुका लागतो. सावित्रीमाईंचे जन्मगाव नायगाव त्याच तालुक्यात आहे. इतक्या जवळ असूनही भोर-वेल्ह्याच्या डोंगरवस्तीतील मुलीची वाट आजही दहावीनंतर अडते. कॉलेज दूर, एस.टी.ची फेरी चुकली की दिवस बुडतो, आणि घरात लग्नाची बोलणी सुरू होतात. परक्या मुलखातील एक बाई सातासमुद्रापलीकडून येथवर आली. आम्हाला तर पुण्याहून केवळ घाट चढून यायचे आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे: मुलीचे शिक्षण थांबवू नका. आणि माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो, आपण प्रत्येकाने एका मुलीच्या पुढील शिक्षणाचा भार उचलू या. त्या प्रतिमेला हाच खरा हार ठरेल.

जयभीम! नमो बुद्धाय!