लाकूड कोणी वाजवायचं?

रात्रपाळी सुटली तेव्हा अजून उजाडायचं होतं. गोदीच्या फाटकातून बाहेर पडलो आणि पी. डिमेलो रोड ओलांडायला पांढऱ्या पट्ट्यांवर पाऊल टाकलं. रात्रभर पोलादाची कॉइल उतरवल्यावर माणसाचे डोळे अर्धे मिटलेलेच असतात. अशा वेळी आपण कानावर भरवसा ठेवतो. कान म्हणाला, रस्ता मोकळा आहे. दोन पावलं गेलो नाही तोच मांडीला कायतरी गार लागलं. बघतो तर मोटार. हिरवी नंबरप्लेट, पांढरीफटक, आवाज शून्य. कुत्रं पायाशी आलं तर त्याचा श्वास तरी ऐकू येतो. हिचा तोही नाही.

काच खाली झाली. "मरायचंय का? दिसत नाही?"

मी म्हटलं, "साहेब, ऐकू आलं नाही."

"मग कान साफ कर." आणि गेला. जातानासुद्धा आवाज नाही. शिवी तेवढी रस्त्यावर राहिली.

घरी येऊन कविता लिहायला बसलो. जमली नाही. म्हणून हे संपादकीय.

आमच्या चाळीत एक दोस्त आहे. जन्मापासून आंधळा, लोकलच्या डब्यात कंगवे आणि पेनं विकतो. सगळा रस्ता त्याच्या कानात पाठ आहे. रिक्षा कशी येते, बेस्टची बस थांब्याला कशी फुसफुसते, लॉरीचा गिअर चढणीला कसा ओरडतो, सगळं. जुन्या पद्मिनी टॅक्सीला तर तो म्हातारी म्हणायचा, खोकत खोकत येते म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती म्हातारी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. त्यानंतरच्या पावसाळ्यात एका गल्लीच्या तोंडाशी अशीच एक मुकी गाडी रिव्हर्समध्ये आली आणि त्याची पांढरी काठी मोडून गेली. नशीब, काठीच मोडली. चालवणारा खाली उतरला तो बंपर बघायला. माझा दोस्त म्हणतो, "मला वाटलं भिंत चालत आली."

दोस्तहो, आम्ही विजेच्या गाडीच्या विरोधात नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी पांढरपेशा पर्यावरणवाला आमच्यावर धावून येईल. लॉरीचा धूर आणि कोळशाची भुकटी कोणाच्या छातीत जाते हे आम्हाला त्याच्याकडून शिकायचं नाही. धूर गेला तर पहिला श्वास आम्हीच घेणार. आमचं भांडण वेगळं आहे. रस्त्यावर एक ताकदवान आणि एक बिनताकदीचा समोरासमोर आले तर इशारा कोणी द्यायचा?

गाडी जोरात पळत असली तर टायर आणि वारा यांचाच आवाज मोठा असतो, तिथे पेट्रोल काय आणि बॅटरी काय, फारसा फरक नाही. फरक पडतो तो हळू चालताना. वळणावर, फाटकात, गल्लीत, मागे घेताना, म्हणजे नेमकं जिथे माणूस पायी असतो तिथे. पोरं जिथे गोट्या खेळतात, बाया जिथे हंडे घेऊन नळाला उभ्या असतात तिथे. वीस-तीसच्या खाली ही गाडी सावलीसारखी येते. लंडनच्या स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी ब्रिटनमधले २०१३ ते २०१७ चे अपघात तपासले आणि २०२४ मध्ये छापलं की तितक्याच मैलांमागे विजेच्या आणि हायब्रिड गाड्या पायी माणसाला पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांच्या दुप्पट धडकल्या. कोणी म्हणेल, त्या गाड्या शहरात जास्त फिरत असतील, नवखी तरणी पोरं चालवत असतील. असेल. धडक कोणाला बसली ते त्याने बदलत नाही.

आता जरा मागे जाऊ. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फाहियान नावाचा चिनी भिक्खू या देशात आला. त्याने लिहून ठेवलंय की चांडाळ गावाबाहेर राहात, आणि नगरात किंवा बाजारात शिरताना हातातलं लाकूड वाजवत, म्हणजे बाकीच्यांनी ओळखावं आणि अंग चोरून बाजूला व्हावं. वाचलं तेव्हा रात्रभर झोप नव्हती. चालणं हाच ज्याचा गुन्हा, त्यानेच आपल्या येण्याची दवंडी पिटायची. रस्ता दुसऱ्याचा, आवाज आपला.

यंत्राच्या बाबतीत सुरुवातीला उलटं होतं. १८६५ मध्ये विलायतेत कायदा झाला, रस्त्यावरच्या इंजिनाच्या पुढे साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचं. इशारा द्यायची जबाबदारी यंत्राची. गाडीवाल्यांना ते सोसलं नाही. निशाणाची सक्ती आधीच ढिली झाली आणि १८९६ मध्ये तर हलक्या मोटारी त्या जुन्या कायद्यातून मोकळ्याच झाल्या. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मोटारवाल्यांनी एक शब्द उचलून धरला, 'जेवॉकर'. जे म्हणजे अडाणी, गावंढळ. ज्या रस्त्यावर माणूस हजारो वर्षं चालत होता त्याच रस्त्यावर चालणारा माणूस एका शब्दात गावंढळ ठरला आणि मोटार शहाणी ठरली. आपल्याला हा खेळ नवा नाही. आधी नाव ठेवायचं, मग हाकलायचं.

आपल्याकडे हॉर्न आला. हॉर्न म्हणजे इशारा नव्हे, हुकूम. 'हॉर्न ओके प्लीज' ही अक्षरं ट्रकांच्या पाठीवरून काढा असं महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी काही सिग्नलांना आवाज मोजायचं यंत्र लावलं, ८५ डेसिबलच्या वर हॉर्न गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून. गंमत होती, चार दिवस लोक हसले. पण बेसबुर माणूस यंत्राने सुधारत नाही. त्याच्या मुक्या गाडीला दोनच भाषा येतात, एक गप्प बसणं आणि दुसरी शिवी. मधली साधी भाषा, "येतोय रे बाबा, जरा बघ", ती तिच्यात कोणी घातलीच नाही.

घालता येते. अमेरिकेत आंधळ्यांच्या संघटनेने आवाज उठवला, २०१० मध्ये काँग्रेसने कायदा पास केला, २०१६ मध्ये त्याचे नियम आले. संयुक्त राष्ट्रांचा १३८ नंबरचा नियमही २०१६ चाच. युरोपात जुलै २०१९ पासून नव्या मॉडेलला आणि जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या विजेच्या गाडीला हळू चालताना आणि मागे येताना आवाज करणं सक्तीचं झालं. ताशी वीस किलोमीटरला निदान ५६ डेसिबल, म्हणजे दोन माणसं शेजारी बसून बोलतात साधारण तेवढा. कोणाचे कान फुटत नाहीत. पण गाडीवाल्याची खोड बघा. सुरुवातीला हा आवाज बंद करायचं बटण ठेवायला मुभा होती. आंधळ्यांनी पुन्हा भांडण केलं, तेव्हा पुढच्या नियमात ते बटण गेलं.

आपल्या दिल्लीने सप्टेंबर २०२५ मध्ये मसुदा काढला. विजेवरच्या मोटारी, बस आणि ट्रक यांच्या नव्या मॉडेलला १ ऑक्टोबर २०२६ पासून, आणि आधीपासून बाजारात असलेल्या मॉडेलच्या नव्या गाड्यांना १ ऑक्टोबर २०२७ पासून आवाजाचं यंत्र. ठीक आहे. पण स्कूटर आणि तीनचाकी त्या मसुद्यात नाहीत. आमच्या गल्लीत मोटार दिवसाला दोन येतात, विजेच्या स्कूटरी दोनशे.

इथे जरा जीभ अडखळते. कारण त्या स्कूटरीवर आपलीच पोरं आहेत. पाठीला चौकोनी पेटी, कानात वायर, मोबाईलवर मिनिटं उतरत असतात. परवा अशाच एकाने आमच्या शेजारच्या म्हातारीला घासून नेलं. धरला तर आपल्याच वस्तीतला, बारावी झालेला. "मावशी माफ कर, पाच मिनिटं राहिलीत," म्हणत म्हणत तो पुन्हा गाडीवर बसला. त्याची घाई त्याची नाही, कोणीतरी वातानुकूलित खोलीत बसून ती त्याच्या खिशात घातलीय. हिरव्या नंबरप्लेटवाल्या साहेबाची घाई मात्र त्याची स्वतःचीच आहे. दोघांना एका तराजूत घालायला आम्ही तयार नाही. पण म्हातारीचा ढोपर दोन्हीकडून सारखाच फुटतो, हेही खरं.

२०२२ मध्ये या देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यात ३२,८२५ पायी चालणारी. रोजची नव्वदेक. ही काही सगळी मुक्या गाड्यांखाली गेली नाहीत, बहुतेक बोंबलणाऱ्या गाड्यांखालीच गेली. म्हणून नुसता भोंगा बसवून आमचं समाधान होणार नाही. सिग्नल नसलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर गाडीने थांबून माणसाला जाऊ द्यायचं, हे नियमात आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चालण्याजोगी फूटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातला, जगण्याचा हक्क आहे. आणि बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, घाट यांच्या रांगेत एक शब्द आहे, रस्ते. पाण्याची लढाई आपण लक्षात ठेवली. रस्त्याचा शब्द वाचायचा राहून गेला.

तेव्हा लाकूड आता त्यांनी वाजवायचं. मोटारीने, बसने आणि स्कूटरीनेही. आज रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या मुक्या गाड्यांनाही ते बांधायचं, आणि खर्च बनवणाऱ्या कंपनीने करायचा, पेटीवाल्या पोराने नाही. मसुद्यात स्कूटर आणि तीनचाकी घाला असं निवेदन आम्ही लिहायला घेतलंय. सह्या नाक्यावर घेऊ. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा चालेल, ज्याला दिसत नाही त्याचा तर आधी.

दोस्ताने नवी काठी घेतलीय. सिग्नलला गाड्या मुक्या उभ्या असतात, इंजिनाचा आवाज नाही म्हणून त्याला कळत नाही, रस्ता रिकामा की भरलेला. मग तो पट्ट्यांवर पुढे होतो, काठीने बॉनेटवर दोनदा टकटक करतो आणि विचारतो, "आहे का कोणी आत?"