काढणीची वेळ आणि औषधाचा कस



भाव वधारल्याची बातमी आली की शेतातली आस्कंद, म्हणजेच अश्वगंधा, उपटून बाजारात नेण्याची घाई होते. पण औषधी वनस्पती म्हणजे भाजी नव्हे. इथे वजनाइतकाच कस पाहिला जातो. कच्चा माल कमी भावात जातो आणि ज्याच्या औषधात पडतो त्या रोग्यालाही पुरता गुण येत नाही.

हा कस येतो कुठून? झाडाला जागचे हलता येत नाही. ऊन, पाण्याची ओढ, कीड यांना तोंड देण्यासाठी ते अंगात निरनिराळी द्रव्ये साठवते. त्यांपैकी काही पेशींची झीज रोखणारी असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. नत्र आणि पाणी वारेमाप दिले की पाला माजतो, पण औषधी द्रव्ये त्या मानाने वाढत नाहीत. म्हणून पीक वाळवावे असे मात्र नाही. ताण फार बसला तर उत्पन्नच हातचे जाते.

आस्कंदाचे पीक मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौर भागात मोठ्या प्रमाणावर होते. हलकी, निचऱ्याची जमीन तिला मानवते. पाणी साचले की मूळ कुजते. पावसाळ्यात पेरलेले पीक साधारण १५० ते १८० दिवसांत तयार होते. खूण सोपी आहे: पाने वाळू लागतात आणि फळे लाल होतात. त्याआधी उपटले तर मूळ बारीक व कच्चे राहते. फार उशीर केला तर ते लाकडासारखे चिवट होते. आतून पांढरे, भरीव आणि कटकन मोडणारे मूळ चांगल्या प्रतीचे समजावे. मुळांत पाला मिसळू नका. पाने औषधात वापरू नयेत, असे आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना बजावले आहे.

तुळशीची गोष्ट वेगळी. तिथे मूळ नव्हे, पाला हवा. म्हणून मंजिऱ्या फुलावर असताना कापणी करावी. बी धरू लागल्यावर पाल्याचा जोर ओसरतो. दाट सावलीतल्या तुळशीपेक्षा उन्हातल्या तुळशीला वास अधिक असतो, हे घरच्या वृंदावनावरूनही कळेल.

आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. कोणत्या ऋतूत मूळ घ्यावे, कोणत्या ऋतूत पाने, कोणत्या ऋतूत साल, याचे नियम चरकसंहितेत दिलेले आहेत.

वेळेवर काढलेला माल वाळवताना बिघडू नये, याचीही काळजी घ्या. तुळशीचा पाला दव उतरल्यावर कापा आणि सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरा; उन्हात त्याचा रंग व वास उडतो. आस्कंदाची मुळे धुऊन, ७ ते १० सेंटीमीटरचे तुकडे करून खडखडीत वाळवा. ओलसर माल पोत्यात भरला की बुरशी धरते आणि सहा महिन्यांचे कष्ट वाया जातात.

भगिनींनो, घरातली आस्कंद कोणाला देण्याआधी वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला ती देऊच नये.

या हंगामात एवढे करा. सगळे शेत एकदम उपटण्याआधी चार ठिकाणची चार झाडे काढा, मुळे मोडून पाहा आणि मगच मजूर सांगा.